सख्ख्या भावाची गोळी

वैद्याशी आणि वकिलाशी खोटं बोलू नये, असं आमची आई म्हणायची. वकिलाशी माझा कधी संबंध आला नाही. वैद्याशी मी एकदा खरं बोलले आणि एकदा खोटं. खरं बोलले तेव्हा घसा तपासायचा राहिला, आणि खोटं बोलले तेव्हा जीव जायचा तेवढा राहिला. आता पुढच्या वेळी काय बोलायचं ते आईलाच विचारलं असतं, पण ती नाही.

मी गाडी चालवायला शिकवते. माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. अर्धं शहर माझी बोलणी खाऊन रस्त्यावर आलंय. "आरशात बघा! स्वतःला नाही, मागच्या बसला!" हे मी दिवसभर इतकं ओरडते की झोपेतही ओरडते, असं घरचे म्हणतात.

घरचे म्हणजे दोघं. आमचे हे बेकरीत कामाला आहेत, जन्म भट्टीसमोर गेला. दुसरा फ्रीज दुरुस्त करतो आणि स्वभावानेही तसाच थंड, म्हणून त्याला आम्ही गारवा म्हणतो. एक भट्टीपुढे, एक फ्रीजमागे, आणि मधे मी बोंबलायला. एकाशी माझं लग्न झालंय, दुसऱ्याशी नाही. एकाला 'अहो' म्हणते, दुसऱ्याला 'अरे', आणि दोघांनाही ऐकायचं असेल तेव्हाच ऐकू येतं. चोरून-लपवून काही नाही हो. आधी हे आणि मी बसून बोललो, मग तिघं बसून बोललो, आणि इतकं बोललो की शेवटी गारवा म्हणाला, "आता जेवू या का?" मधे ह्यांनाही एक मैत्रीण होती. ती लग्न करून दूर गेली तेव्हा तिला निरोप द्यायला आम्ही तिघंही गेलो होतो. हे रडले, मी रुमाल दिला, गारव्याने तिच्या बॅगा उचलल्या. लोकांना वाटतं अशा घरात रोज नाटक चालतं. आमच्याकडे भांडणं होतात ती पंखा कितीवर ठेवायचा यावरून.

तर तो घसा. माझा घसा बसला होता आणि घसा बसला की माझा धंदा बसतो. एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई चांगल्या होत्या, हसतमुख. त्यांनी विचारलं, घरात कोण कोण असतं, आणखी कुणाला सर्दी-खोकला आहे का. मी सरळ सांगितलं, नवरा आहे आणि माझा दुसरा जोडीदार आहे, दोघंही ठणठणीत आहेत.

बाईंचं पेन थांबलं. "दुसरा म्हणजे? पहिल्यापासून वेगळ्या झालात का?"

"नाही. दोघंही आहेत."

"मिस्टरांना माहीत आहे?"

"दोघं एका सोफ्यावर बसून क्रिकेट बघतात. माहीत असणारच की."

झालं! तिथून पुढे बाईंनी माझ्या घशाकडे ढुंकूनही बघितलं नाही. कमरेखालच्या जेवढ्या म्हणून तपासण्या असतात तेवढ्या सगळ्या लिहून दिल्या. त्या तपासण्यांना माझी ना नाही, आम्ही तिघंही त्या वेळच्या वेळी करून घेतो, कुणी न सांगता. पण मी दाखवायला गेले होते घसा! वर एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, लहानपणी वडिलांचं प्रेम कमी पडलं का. मी म्हटलं, वडिलांचं प्रेम भरपूर मिळालं, माझा आवाज गेलाय. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "आपला आवाज हरवलाय असं तुम्हाला कधीपासून वाटतं?" मी कपाळाला हात लावला. शेवटी गारव्याने मिठाचं गरम पाणी करून दिलं आणि गुळण्यांनी घसा सुटला. तेव्हापासून ठरवलं, दवाखान्यात खरं बोलायचं नाही.

त्यानंतर वर्षभराने गारवा कोसळला. एका हॉटेलच्या मागच्या बाजूला मोठा फ्रीज हलवत होता, छातीत कळ आली. जवळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मी गाडी तशीच वाकडी लावून धावले. दारावरच्या माणसाने हात आडवा केला.

"पेशंटच्या कोण?"

मी काय सांगणार होते? जोडीदार म्हटलं तर म्हणाला असता, लग्नाचं सांगा. मैत्रीण म्हटलं तर म्हणाला असता, बाहेर बसा. आत माझा माणूस छातीवर हात धरून पडलेला आणि ह्याला नातं हवंय.

"बहीण," मी म्हणाले.

"सख्खी?"

"सख्खी!" असं ओरडले की त्याने हात काढला.

गारव्याच्या हृदयाच्या तुंबलेल्या नळीत जाळी बसवली. मी उशाशी बसून राहिले, बहीण म्हणून. हे डबे घेऊन यायचे, मेहुणे म्हणून. गारव्याला मी सगळ्यांसमोर 'दादा' म्हणायची आणि हा गुलाम, बरा व्हायला लागल्यावर मुद्दाम नर्सच्या समोर "ताई, पाय चेपून दे ना" म्हणायचा. आणि हृदयाचे मोठे डॉक्टर रोज यायचे. त्यांची ख्याती अशी की ते पेशंट विसरत नाहीत. त्याचा त्यांना अभिमानही होता. जाताना त्यांनी आम्हाला दोन गोष्टी बजावल्या. एक, रक्त पातळ करायची ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, चुकली तर जाळी तुंबते आणि मग आमच्या हातात काही राहत नाही. आणि दुसरी, माझ्याकडे बोट करून, "ताई, हे रक्तातून येतं. इतक्या लहान वयात भावाला झालंय, तुम्ही सांभाळा." मी मान डोलावली. मनात म्हटलं, आमच्या रक्ताचा संबंध डास चावेल तेवढाच.

मग माझी पाळी आली. जिना चढताना दम लागायला लागला. वरच्या पोटात, छातीच्या खाली, जळजळायचं, आणि रिकाम्या पोटी तर जीव नको व्हायचा. चेहरा पांढरा पडला. हे म्हणाले, "पिठात तोंड घातल्यासारखी दिसतेस." बेकरीवाल्याला दुसरं काय सुचणार! ओढूनताणून मला त्याच इस्पितळात घेऊन गेले, कारण ह्यांच्या बेकरीचा विमा तिथेच चालतो.

योगायोग म्हणजे तेच डॉक्टर. मी दारात पाऊल टाकलं तसे उठून म्हणाले, "या ताई! भाऊ कसा आहे? जाळी ना? डावीकडची?"

बघा, काय माणूस! मी अजून खुर्चीत बसले नव्हते आणि माझा आजार त्यांना कळून चुकला होता. दम लागतो? हृदय. वरच्या पोटात जळजळतं? "बायकांच्यात हृदयाचं दुखणं असंच फसवं असतं ताई." रक्त कमी आहे? "ते बायकांचं असतंच." पोटाचं मी दोनदा सांगून बघितलं. ते हसले. "पोट राहू दे. तुमच्या भावाचं हृदय मी या हातांनी बघितलंय." आणि त्यांनी मला भावाचीच गोळी दिली, रक्त पातळ करायची.

आता आमच्या स्वयंपाकघरात सकाळी मी आणि गारवा समोरासमोर बसून एकच गोळी घ्यायचो. "भाऊबहिणीचं प्रेम म्हणजे काय असतं," असं हे म्हणायचे आणि पाव भाजायचे. आम्ही हसायचो. आम्हा तिघांपैकी एकालाही, शपथेवर सांगते, एकालाही वाटलं नाही की काहीतरी चुकतंय. स्वतःच बोललेलं खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं की डॉक्टर म्हणाले 'तुमच्या घराण्यात आहे' आणि आम्हाला ते पटलं! गारव्याने तर मला धीर दिला, "घाबरू नकोस, मलाही असंच होत होतं." अरे मेल्या, तुला होत होतं म्हणून मला कशाला होईल?

दुखणं वाढत गेलं. शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. असल्या गोष्टी मी कुणाला सांगते? म्हटलं, गोळ्यांमुळे असेल. आणि ते मात्र खरंच गोळ्यांमुळे होतं.

एका दुपारी एका निवृत्त मुख्याध्यापिकेला शिकवत होते. बाई आयुष्यभर दुसऱ्यांना शिस्त लावून आलेल्या, पण क्लच काही केल्या ऐकत नव्हता. वळणावर समोर कचराकुंडी आली. मी म्हणाले, "ब्रेक." त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. असं रोजच होतं, त्यासाठीच तर माझ्या बाजूला ब्रेक आहे. मी पाय उचलायला गेले, आणि पाय उचललाच गेला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली. कुंडीचा आवाज मी ऐकला, पण लांबून. शुद्धीवर आले तेव्हा मुख्याध्यापिकाबाई माझ्या तोंडावर बाटलीतलं पाणी मारत होत्या आणि म्हणत होत्या, "आरशात बघितलं होतं हो मी, खरंच बघितलं होतं."

कशीबशी घरी आले. मी घाबरले होते, खरं सांगते. माझ्या गाडीत आजवर कुणाला खरचटलं नव्हतं. मी सोफ्यावर पडले आणि त्या काळ्याचंही सांगून टाकलं. गारवा उभा होता, तो हळूच खाली बसला.

"तू माझी बहीण नाहीस," तो म्हणाला.

"काय सांगतोस!"

"तसं नाही गं. तू माझी बहीण नाहीस, मग माझं हृदय तुझ्यात कुठून येईल?"

इतकी साधी गोष्ट. तीन शहाणी माणसं एका घरात राहतात, बिलं भरतात, आणि हे कुणाच्या टाळक्यात आलं नाही.

"उद्या जाऊन डॉक्टरांना खरं सांग," गारवा म्हणाला.

"आणि मग? तुला परत काही झालं तर मला आत कोण सोडेल? त्या दारावर मी तुझी बहीण आहे म्हणून आहे. एकदा नाही म्हटलं की मी तुझी कुणीच नाही. तू आत आणि मी रस्त्यावर. जमणार नाही मला."

"मी आत जाईन की," हे म्हणाले.

"तुम्ही कोण? माझे मेहुणे... म्हणजे त्याचे मेहुणे. मी बहीण नसले तर तुम्ही मेहुणेही नाही. तुम्हालाही रस्ताच."

हे बराच वेळ पाव कापत बसले. मग सुरी खाली ठेवून म्हणाले, "आधी तू जिवंत राहा. मग दाराचं बघू." हे कमी बोलतात, पण बोलले की त्यावर काही बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिघंही गेलो. डॉक्टरांनी गारव्याला बघून हात पुढे केला. मी म्हटलं, "डॉक्टर, आधी ऐका. हा माझा भाऊ नाही."

"मग चुलत का?"

"चुलत नाही, मावस नाही, मानलेलाही नाही. हे माझे मिस्टर आहेत आणि हा माझा जोडीदार आहे. तिघं एकत्र राहतो, तिघांच्या राजीखुशीने. त्या दिवशी दारावर बहीण म्हणाले कारण दुसरं काही म्हटलं असतं तर आत सोडलं नसतं."

डॉक्टर लालबुंद झाले. पेशंट न विसरणारा माणूस, आणि पेशंटच खोटा निघाला! "तुम्हाला कळतं का तुम्ही काय केलंत? मी त्या माहितीवर उपचार केले! खोट्याने जीव जातो बाई, जीव!" ताईची बाई झाली होती मी. पण ते बोलले ते बरोबरच होतं, म्हणून ऐकून घेतलं.

मग ते खुर्चीत मागे रेलले. रागाची जागा कुतूहलाने घेतली, आणि मला घशाची आठवण झाली. "म्हणजे दोघांनाही सांभाळायचं, दोन्हीकडे लक्ष द्यायचं... किती ताण येत असेल. बघा, दम लागणं, पोटात जळजळ, हे सगळं ताणाचं लक्षण आहे. आमच्याकडे एक समुपदेशक बाई आहेत—"

"डॉक्टर!" मी टेबलावर हात मारला. चालत्या बससमोर विद्यार्थी गाडी घालतो तेव्हा जो आवाज काढते तो काढला. "मला माणसं दोन आहेत, पोट एकच आहे. तेवढं एक बघा!"

बाहेरच्या बाकावरचे लोक दारातून डोकवायला लागले. गारव्याने डांबरासारख्या काळ्याचं सांगितलं, मला लाज वाटते म्हणून त्यानेच सांगितलं. आणि तेवढं ऐकल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्या क्षणी ते पुन्हा डॉक्टर झाले. माझा हात धरून नखं बघितली, डोळ्याची पापणी ओढली, आणि फोन उचलला. तासाभरात घशातून नळी घालून पोट बघितलं. जठरात जखम होती, जुनी, आणि गारव्याच्या गोळीने ती महिनाभर वाहत होती. मला तिथेच ठेवून घेतलं, रक्ताच्या पिशव्या चढवल्या. गंमत बघा, रक्त लागलं तेव्हा ते तिसऱ्याच कुणाचं तरी होतं आणि त्याला कुणी नातं विचारलं नाही.

वॉर्डात एका पेशंटपाशी एकच माणूस, असा नियम होता, तोही घरचा. हे आले, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तो खाली उभा आहे. काही खाल्लेलं नाही त्याने. मी जातो, त्याला पाठवतो." आणि गेले. खाली जाऊन आत यायचा पास गारव्याच्या हातात दिला. बायकोजवळ बसायचं सोडून खाली फुटपाथवर उभा राहणारा नवरा मला मिळाला, आणि लोक विचारतात वडिलांचं प्रेम कमी पडलं का!

गारवा आत आला. पलंगाच्या कडेला उभा राहून माझा हात धरला. तेवढ्यात मोठे डॉक्टर फेरीवर आले. त्यांनी गारव्याकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं आणि आम्हाला माहीत होतं की त्यांना माहीत आहे. माझा हात गारव्याच्या हातात होता, मी तो काढला नाही.

नर्सने विचारलं, "हे कोण? मिस्टर तर आत्ता खाली गेले."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. "हे यांचे..." म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे यांचे..." एवढं शिकलेला माणूस, पण त्याच्याकडेही शब्द नव्हता. शेवटी म्हणाले, "भाऊ. सख्खे. खुर्ची द्या त्यांना बसायला." आणि माझ्याकडे न बघता पुढच्या पलंगाकडे गेले. खोट्याने जीव जातो म्हणून मला झापणारे हेच बरं का! मला हसू आलं, पोटात कळ आली, आणि तरी बरं वाटलं. चांगला माणूस आहे, म्हटलं. खुर्ची आली. गारवा बसला. ती संध्याकाळ मी कधी विसरणार नाही, तो नुसता बसला होता आणि माझ्या नखांकडे बघत होता, लाल होतायत का म्हणून.

चांगुलपणाचं हे असं असतं, पुढच्या पाळीला कोण डॉक्टर येणार ते त्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाच्या डॉक्टरीणबाई आल्या. नव्या होत्या, हुशार होत्या, काम मन लावून करत होत्या. मला तपासलं, मग खुर्चीकडे वळल्या. "तुम्ही भाऊ ना? सख्खे? मग तुम्हालाही पोट तपासून घ्यायला लागेल. हे घराण्यात असू शकतं." गारव्याने मान डोलावली. "इथेच दाखवता का तुम्ही? काही गोळ्या चालू आहेत?" गारव्याने गोळीचं नाव सांगितलं. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "बापरे. बहिणीला याच गोळीने रक्तस्राव झालाय. ही आजपासून बंद करा. पोट तपासल्याशिवाय घ्यायची नाही. मी तुमच्या पेपरवर तसं टाकते."

आता गारव्याने बोलायला हवं होतं की नाही? पण त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खुर्चीकडे, आणि म्हणाला, "बरं, डॉक्टर."

बरं! मला कळलं तो काय करतोय. खरं बोलला तर खुर्ची जाते. म्हणून हा शहाणा गोळी सोडायला तयार झाला होता. माझ्याजवळ बसायला मिळावं म्हणून! आणि मला ते डॉक्टरांचे शब्द आठवले, एक दिवसही चुकवायची नाही, जाळी तुंबते. घरी जाऊन गुपचूप घेईलही कदाचित, पण पेपरवर 'बंद' आलं की उद्या हा कुठे पडला तर कुणी देणार नाही.

"नाही!" मी ओरडले. हातातली सुई ओढली गेली, बाटली हलली. "बंद नाही करायची! त्याची गोळी बंद नाही करायची! तो माझा भाऊ नाही!"

सगळा वॉर्ड वळला. पलीकडच्या पलंगावरची बाई उठून बसली.

"तुम्ही शांत व्हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काल तर मोठे डॉक्टरच म्हणाले—"

"ते खोटं बोलले. आमच्या भल्यासाठी बोलले, पण खोटं बोलले. तो माझा माणूस आहे. खाली उभे आहेत ते माझे मिस्टर, तेही माझेच आहेत. माझं पोट माझं आहे, त्याचं हृदय त्याचं आहे, आणि आमच्या दोघांत रक्ताचा एक थेंब सारखा नाही. टाका, हे तुमच्या पेपरवर टाका. मोठ्या अक्षरात टाका!"

बाई गोंधळल्या, पण पेन चाललं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तुमची गोळी चालू ठेवा." मी डोकं उशीवर टाकलं. मग बाईंनी नर्सकडे बघितलं, नर्सने दाराकडे बघितलं, आणि दारावरचा माणूस आत आला. उद्धट नव्हता. उलट जरा ओशाळलाच होता. "साहेब, फक्त घरचे," एवढंच म्हणाला.

गारवा उठला. माझा हात चादरीवर ठेवला, व्यवस्थित, फ्रीजचा नाजूक पार्ट ठेवतो तसा. "कशाला ओरडलीस गं," म्हणाला. "आवाज बसेल परत." आणि गेला. माझ्या एका बोंबेने त्याची गोळी राहिली आणि खुर्ची गेली, आणि मला परत निवडायला सांगितलं तर मी परत तेच ओरडेन. पण निवडायला का लागावं हो? कोणत्या बाईला विचारतात, याचं हृदय हवं की हात?

खिडकीतून खालचा फुटपाथ दिसत होता. गारवा बाहेर पडलेला दिसला. हे पुढे झाले, दोघं काहीतरी बोलले. ह्यांनी पिशवीतून पाव काढला, मोडला, अर्धा त्याला दिला. मग पाण्याची बाटली पुढे केली.

थोड्या वेळाने हे वर आले, पास घेऊन, कायदेशीर. खुर्ची अजून तिथेच होती. ते बसले नाहीत, आधी माझ्या कानाशी वाकले.

"घेतली त्याने गोळी," म्हणाले. "माझ्यासमोर घेतली. तोंड उघडून दाखवायला लावलं."

आणि मग मला जे रडू फुटलं ते काही केल्या आवरेना.